सातबारा पाहिला, फेरफार वाचले का?

शेतजमीन घ्यायला निघालेल्या माणसाला मध्यस्थाकडून पहिल्याच भेटीत एक वाक्य ऐकायला मिळतं: ‘सातबारा कोरा आहे, डोळे झाकून घ्या.’ कोरा म्हणजे एवढंच, की उताऱ्यावरच्या ‘इतर हक्क’ या रकान्यात बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा दिसत नाही. ऐकणारा मात्र त्याचा अर्थ ‘मालकी निर्वेध आहे’ असा घेतो आणि इसार देऊन मोकळा होतो. मग काही वर्षांनी दिवाणी न्यायालयाचं समन्स येतं. दावा लावणारी विक्रेत्याची बहीण असते, नाहीतर चुलतभाऊ, आणि खरेदीदार त्या दाव्यात पाचवा-सहावा प्रतिवादी असतो. आयुष्याची पुंजी घातलेल्या माणसाची ही फरफट बहुतेक वेळा टाळता येण्यासारखी असते. त्याची उत्तरं कागदांतच असतात, फक्त ती सातबाऱ्यावर नसतात.

सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा यांचा जोड उतारा. सातमध्ये भोगवटादाराचं नाव, क्षेत्र, आकार (म्हणजे शेतसारा) आणि इतर हक्क, बारामध्ये पिकं. ही सगळी नमुन्यांची व्यवस्था मुळात शेतसारा कोणाकडून वसूल करायचा हे ठरवण्यासाठी उभी राहिली. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा स्वतंत्र कायदा १९०३ साली आला, पण त्या नोंदीलाही मालकीचा अंतिम पुरावा असं स्थान कधी मिळालं नाही. आजच्या महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ चं कलम १५७ सांगतं, की अधिकार अभिलेखातली नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानायची. ‘विरुद्ध सिद्ध होईपर्यंत’ या तीन शब्दांत खरेदीदाराचा सगळा धोका आहे. फेरफार नोंदीमुळे मालकी निर्माण होत नाही आणि नाहीशीही होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं अनेक निकालांत पुन्हा पुन्हा सांगितलं आहे.

मग खरेदीखत नोंदवताना कोणी तपासत असेल, असं वाटतं. तिथंही नाही. दुय्यम निबंधक दस्ताची नोंदणी करतो. लिहून देणाऱ्याची ओळख, मुद्रांक, आणि कायद्यानं परवानगी लागत असेल तर ती जोडली आहे का, हे पाहतो. विकणाऱ्याला विकण्याचा हक्क आहे का, हे ठरवणं त्याचं काम नव्हे. तमिळनाडूतल्या एका नोंदणी नियमावर एप्रिल २०२५ मध्ये के. गोपी प्रकरणात निकाल देताना सर्वोच्च न्यायालयानं हे स्पष्ट केलं. तिसरं कार्यालय भूमिअभिलेखाचं. त्याच्याकडे नकाशा आणि हद्द आहे, पण मालक कोण हे ते तलाठ्याच्या नोंदीवरून घेतं. म्हणजे हक्काची नोंद एकाकडे, दस्त दुसऱ्याकडे, जमिनीची आकृती तिसऱ्याकडे, आणि ‘हाच मालक’ अशी हमी देणारं कोणीच नाही. तिन्हींचा मेळ घालण्याची जबाबदारी खरेदीदाराच्या डोक्यावर आहे. ही व्यवस्था बदलायला हवी असं मला मनापासून वाटतं. पण ती बदलेपर्यंत कागद वाचायला शिकण्यावाचून गत्यंतर नाही.

त्या वाचनाचा गाभा म्हणजे फेरफार, गाव नमुना सहा. सातबाऱ्यावर प्रत्येक नावाजवळ फेरफार क्रमांक असतात. जमिनीवरचं नाव जेव्हा जेव्हा बदललं, तेव्हा ते का बदललं, कोणत्या कागदावरून बदललं, नोटीस कोणाला गेली आणि मंडळ अधिकाऱ्यानं नोंद मंजूर करताना काय शेरा लिहिला, हे सगळं फेरफारात असतं. चालू सातबारा ‘महाभूमी’ या संकेतस्थळावरून १५ रुपयांत डिजिटल सहीचा मिळतो. जुने हस्तलिखित सातबारे आणि फेरफार तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षातून नकलेचा अर्ज करून काढता येतात. अनेक जिल्ह्यांचे ते आता ‘आपले अभिलेख’ या संकेतस्थळावरही स्कॅन करून ठेवलेले आहेत. जुन्या उताऱ्यावर एखादं नाव कंसात असेल तर त्या माणसाचा हक्क तिथं संपल्याची नोंद झाली आहे. तो कंस कोणत्या फेरफारानं पडला, हे शोधायचं.

एक कल्पित उदाहरण घेऊ, म्हणजे हे नीट दिसेल. पश्चिम महाराष्ट्रातलं एक गाव, गट नंबर २१२, क्षेत्र १ हेक्टर २० आर, आकार ४ रुपये ५० पैसे. आजच्या सातबाऱ्यावर एकच नाव आहे. भोगवटादार वर्ग १, इतर हक्क रिकामे. मध्यस्थाच्या भाषेत अगदी कोरा. आता मागं जाऊ.

१९५१ च्या फेरफारात ‘इतर हक्का’त एक नाव लागतं: कूळ. मालक वेगळा, कसणारा वेगळा. पुढं १९६१ चा फेरफार सांगतो, की कुळकायद्याच्या कलम ३२-ग खाली किंमत ठरली, कुळानं ती भरली आणि कलम ३२-म चं प्रमाणपत्र मिळालं. कूळ मालक झालं. पण त्याच्या नावापुढं तीन अक्षरं आहेत: ए.कु.मॅ., म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. घरातल्या थोरल्याचं नाव कागदावर, जमीन सगळ्या भावांची. नंतरच्या एखाद्या सातबाऱ्यावर नक्कल करताना ही तीन अक्षरं गळतात आणि थोरल्याची शाखाच एकटी मालक दिसू लागते. धाकट्या भावांची मुलं-नातवंडं गावातच असतात. त्यांच्यापैकी कोणी दावा लावला, तर न्यायालयात सगळ्यात आधी हाच १९६१ चा फेरफार समोर येतो.

त्याच फेरफारानंतर इतर हक्कात ‘कलम ४३ च्या अटीस पात्र’ असा शेरा पडायला हवा. कुळकायद्यानं मिळालेली जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय विकता येत नसे. २०१४ च्या दुरुस्तीनंतर प्रमाणपत्राला १० वर्षं झाली असतील तर परवानगीऐवजी आकाराच्या ४० पट नजराणा भरला की पुरतं. घेणारा मात्र शेतकरीच हवा, कमाल धारणा आणि तुकडेबंदीचे नियमही पाळले जायला हवेत. आपल्या गटाचा हिशेब केला तर ४ रुपये ५० पैशांच्या ४० पट म्हणजे १८० रुपये. रक्कम एवढी छोटी, पण तिचं चलन फाइलला नसेल तर व्यवहार शर्तभंगात जातो. मधल्या काळात कोणी ती जमीन परवानगी न घेता घेतली असेल, तर तो दोषही तुमच्याबरोबर चालत येतो.

३२-ग चा निकालच झाला नसेल तर प्रकरण आणखी गुंतागुंतीचं होतं. पश्चिम महाराष्ट्र आणि कोकणात १ एप्रिल १९५७, म्हणजे कृषक दिन, या तारखेला कूळ जमिनीचा मालक झाला असं कायदा मानतो. मात्र त्या दिवशी जमीनमालक विधवा, अज्ञान किंवा शरीरानं वा मनानं अक्षम असेल, तर ही खरेदी कलम ३२-फ नुसार पुढं ढकलली गेली. अशा जमिनींत कुळाचा हक्क आजही शिल्लक असू शकतो. कुळाच्या नावाला कंस आहे, पण तो कोणत्या आदेशानं पडला याचा फेरफारात उल्लेखच नाही, असं दिसलं तर तिथंच थांबावं. वकील मंडळी साधारण ३० वर्षांचा शोध घेतात. शेतजमिनीला तो अपुरा आहे, असं माझं ठाम मत आहे. निदान १९५० च्या आसपासचे सातबारे हातात घेतल्याशिवाय कुळाचा प्रश्न सुटला की नाही हे कळतच नाही. मराठवाड्यात १९५० चा हैदराबाद कुळवहिवाट कायदा आणि विदर्भात १९५८ चा कायदा लागू आहे. कलमं आणि तारखा वेगळ्या. मराठवाड्यात १९५४-५५ चं खासरा पत्रक हा या बाबतीतला मोलाचा जुना कागद.

आपल्या उदाहरणाकडे परत येऊ. १९७२ मध्ये एकत्रीकरण योजना आली आणि जुन्या सर्व्हे नंबरांचे गट नंबर झाले. इथं जुना सर्व्हे नंबर कोणता, क्षेत्र किती होतं आणि नव्या गटात किती धरलं, हे एकत्रीकरणाच्या उताऱ्याशी ताडून पाहायचं. गट योजनेत अनेक गावांत कागदावर एकाची जमीन दुसऱ्याच्या नावावर चढली, आणि शेतात मात्र जो तो आपली जुनी जमीन कसत राहिला.

१९८९ चा फेरफार वारसाचा. खातेदार मयत, वारस तीन मुलगे आणि दोन मुली. मुलग्यांची नावं कब्जेदार सदरी, मुलींची ‘इतर हक्का’त. त्या काळात ही सर्रास पद्धत होती. नाव इतर हक्कात लिहिल्यानं मुलीचा वारसाहक्क कमी होत नाही. हिंदू वारसा कायदा, १९५६ नुसार मुलगी वडिलांच्या हिश्श्याची वारस होतीच. ९ सप्टेंबर २००५ पासून ती वडिलोपार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीची सहदायाद झाली. आणि विनीता शर्मा प्रकरणात ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की त्या तारखेला वडील हयात असण्याची गरज नाही. मग २००३ चा फेरफार येतो: तहसीलदारांच्या आदेशानं वाटप, तिघा भावांच्या वाट्याला तीन गट, आणि बहिणींची नावं गायब. नोटीस त्यांना बजावली होती का? जबाब आहेत का? सह्या त्यांच्याच आहेत का? ‘बहिणींनी हक्क सोडलाय’ असं भाऊ सांगतात आणि शंभराच्या स्टॅम्पवरचा कागद काढून दाखवतात. स्थावर मिळकतीतला हक्क सोडायचा तर हक्कसोडपत्र नोंदणीकृतच लागतं.

इथं खरेदीदारानं आग्रह धरावा, तो असा: बहिणींना आणि हयात नसलेल्या बहिणीच्या मुलाबाळांना खरेदीखतात ‘मान्यता देणार’ म्हणून सामील करून घ्यावं, त्यांच्याशी स्वतः बोलावं, आणि त्यांना द्यायची रक्कम त्यांच्याच खात्यावर जावी. भाऊ नाराज होतो, व्यवहार महिना-दोन महिने लांबतो. लांबू द्यावा. माहेरच्या जमिनीवरचा हक्क एका सहीत हिरावला जाणाऱ्या बाईच्या बाजूनंही हेच न्यायाचं आहे. शिवाय वारसा कायद्याच्या कलम २२ खाली सहवारसाला आधी विकत घेण्याचा अग्रहक्क आहे, आणि तो शेतजमिनीलाही लागू होतो असं सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये ठरवलं आहे.

फेरफारांत आणखी एक संक्षेप भेटतो: अ.पा.क., अज्ञान पालनकर्ता. वारसांत कोणी अज्ञान होतं आणि आईनं किंवा चुलत्यानं त्याच्या वतीनं जमीन विकली, तर त्या विक्रीला जिल्हा न्यायालयाची परवानगी होती का, ते पाहावं लागतं. नसेल तर मूल सज्ञान झाल्यावर ठरावीक मुदतीत ती विक्री रद्द करून मागू शकतं. एकत्र कुटुंबाच्या अविभक्त हिश्श्याला वेगळे नियम आहेत, म्हणून असा दस्त वकिलाला दाखवल्याशिवाय पुढं जाऊ नये.

आपल्या उदाहरणातले शेवटचे दोन फेरफार कर्जाचे. २०११ ला सोसायटीचा इकरार, २०१६ ला बोजा कमी. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ४८ नुसार सोसायटीला करून दिलेल्या अशा इकरारानं जमिनीवर बोजा चढतो आणि तो फिटेपर्यंत केलेलं हस्तांतर अवैध ठरतं. सातबारा स्वच्छ दिसला तरी सोसायटी आणि जिल्हा बँक, दोन्हीकडून बेबाकी दाखला घ्यावा. उताऱ्यावर चढायच्या राहून गेलेल्या कर्जाचा पत्ता त्यातूनच लागतो.

हे झालं वर्ग १ च्या जमिनीचं. सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग २’ दिसलं, तर ती जमीन शासनाच्या किंवा कायद्याच्या अटीवर मिळालेली आहे: वतनाची, भूमिहीनाला वाटलेली, सीलिंगमध्ये अतिरिक्त ठरून वाटप झालेली, भूदानातली. परवानगी कोणाची, नजराणा किती, हे प्रत्येक प्रकाराला वेगळं आहे. वर्ग २ ची वर्ग १ झाली असेल, तर तो बदल कोणत्या आदेशानं झाला हे फेरफारात वाचून आदेशाची नक्कल तहसीलमधून स्वतः काढावी. विक्रेत्यानं दिलेल्या झेरॉक्सवर विसंबू नये. देवस्थान इनामाच्या जुन्या उताऱ्यावर वरच्या ओळीत देवाचं नाव आणि खाली वहिवाटदार म्हणून पुजाऱ्याचं नाव असतं. त्या जमिनीचा मालक देव आहे. पुजारी कितीही पिढ्या कसत असला, तरी त्याला ती विकता येत नाही. आदिवासी खातेदाराची जमीन बिगरआदिवासीनं घ्यायची तर महसूल अधिनियमाच्या कलम ३६-अ खाली पूर्वपरवानगी लागते. पिढ्यान् पिढ्यांची फसवणूक थांबवण्यासाठी ते कलम आलं, आणि त्याला बगल देणाऱ्या व्यवहारात कोणीही पडू नये. ‘पुनर्वसनासाठी राखीव’, ‘राखीव वने’, भूसंपादनाची अधिसूचना, असे शेरे असतील तर संबंधित कार्यालयाचं लेखी उत्तर येईपर्यंत इसारही देऊ नये.

घेणाऱ्याची पात्रताही मालकीचाच भाग आहे. कुळकायद्याच्या कलम ६३ मुळे बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. मराठवाडा-विदर्भाच्या कायद्यांतही तसंच बंधन आहे. परदेशस्थ भारतीयांना शेतजमीन वारसानं मिळू शकते, विकत घेता येत नाही. बहुतेक जिल्ह्यांत ऑगस्ट २०२३ पासून जिरायतासाठी २० आणि बागायतासाठी १० गुंठे हे प्रमाणभूत क्षेत्र आहे. त्याहून लहान तुकडा विकत घेण्याला तुकडेबंदी कायदा आडवा येतो. शहरालगत नियम वेगळे पडतात, ते त्या त्या वेळी पाहावेत. ‘सामाईकात नाव लावून देतो’ म्हणून पाच गुंठे विकणारा तुम्हाला जागा देत नसतो. नकाशात त्या पाच गुंठ्यांना हद्दच नसते.

दस्तांचा शोध दुय्यम निबंधकाकडे सूची क्रमांक दोनवरून घेतात. अलीकडचे दस्त ‘ई-सर्च’वर दिसतात, संगणकाआधीची पुस्तकं हातानं चाळावी लागतात. तालुक्यात एकाहून जास्त कार्यालयं असतील तर सगळीकडे शोध हवा. खरेदीखत, गहाणखत, बक्षीसपत्र यांच्याबरोबर नोंदलेलं साठेखत शोधावं. रद्दलेख न झालेलं साठेखत म्हणजे आधीच कोणाशी तरी सौदा ठरलेला आहे. विकणारा मुखत्यार असेल तर मूळ मालक हयात आहे का, हे खरेदीच्या दिवशी खात्री करून घ्यावं, कारण मालकाच्या मृत्यूबरोबर साधारणपणे मुखत्यारपत्र संपतं. केवळ कुलमुखत्यारपत्रावर मालकी जात नाही, हे २०११ च्या सूरज लॅम्प निकालानं पक्कं केलं आहे. ई-कोर्ट्सवर विक्रेत्याच्या आणि त्याच्या भावाबहिणींच्या नावानं दावे पाहावेत, प्रांत आणि तहसील कार्यालयातली महसुली अपिलंही विचारावीत. त्यानंतर स्थानिक दैनिकात जाहीर नोटीस द्यावी, गट नंबर आणि चतुःसीमा लिहून.

कागद पुरे झाले की शेतात जावं, आणि तेही पीक उभं असताना. पेरलं कोणी, असं बांधावरच्या शेजाऱ्याला विचारावं. संपत्ती हस्तांतरण कायद्यानुसार जमीन प्रत्यक्ष ज्याच्या ताब्यात आहे, त्याच्या हक्काची खरेदीदाराला सूचना मिळाली असंच धरलं जातं. ‘मला माहीत नव्हतं’ हा बचाव चालत नाही. २०२१ पासून पीक पाहणी शेतकरी मोबाइलवरून स्वतःच नोंदवतो, तेव्हा नमुना बारावर विक्रेत्याचं पीक दिसणं पुरेसं नाही. मोजणीचा अर्ज खातेदारालाच करता येतो, म्हणून खरेदीआधी विक्रेत्याला तो करायला लावावा, खर्च आपण सोसावा. मोजणीला लगतच्या धारकांना नोटीस जाते, हद्दीवरचे वाद त्या दिवशी बांधावर उघड होतात, आणि मोजणी नकाशाच्या ‘क’ प्रतीवर प्रत्यक्ष वहिवाट रेखाटलेली मिळते. क्षेत्राचा हिशेबही तेव्हाच करावा: ४० आर म्हणजे पुरता एकर नव्हे, साडेएकोणचाळीस गुंठे. ताबा एका गटाचा आणि सातबारा दुसऱ्याचा निघाला, तर विक्रेत्यानं आधी शेजाऱ्याशी अदलाबदल नोंदवून घ्यावी. निदान १२ वर्षं असा परस्परांचा ताबा असलेल्यांसाठी शासनानं जानेवारी २०२३ मध्ये सलोखा योजना आणली. त्यात मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी, दोन्ही प्रत्येकी नाममात्र १००० रुपये ठेवली.

खरेदीखत झालं की फेरफाराची नोंद तलाठ्याकडे जाते, नमुना ९ ची नोटीस निघते, हरकतीला १५ दिवस असतात. ही नोटीस ‘आपली चावडी’वरही दिसते. हरकत आली तर नोंद विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत, नमुना ६-अ मध्ये जाते आणि सुनावणी होते. निर्णय विरुद्ध गेला तर प्रांताकडे अपिलाला ६० दिवस मिळतात. नोंद मंजूर होईपर्यंत दर आठवड्याला सातबारा काढून पाहावा आणि ‘प्रलंबित फेरफार’ हा रकाना बघावा. त्या मधल्या दिवसांत जुन्या मालकाच्या नावावर नवं कर्ज चढल्याची उदाहरणं आहेत. मंजूर फेरफाराची नक्कल मिळाली की ती मूळ खरेदीखत, शोध अहवाल, जाहीर नोटिशीचं कात्रण, बेबाकी दाखले, नजराण्याचं चलन आणि ‘क’ प्रत यांच्याबरोबर एकाच फाइलीत लावून ठेवावी. पुढं तुमच्याकडून ही जमीन घेणाराही हेच कागद मागणार आहे.